कर्सरची वहिवाट

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विधानभवन, विभागीय आयुक्तांचे कार्यालय आणि जिल्हाधिकारी कचेरी अशी कागदपत्रांवर जगणारी आस्थापने एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. आणि तेथून नैर्ऋत्येकडे काही किलोमीटर गेले, की १९६० साली विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेली व आज व्हीएनआयटी या नावाने ओळखली जाणारी संस्था आणि गायत्रीनगरचे आयटी पार्क लागते. म्हणजे संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा आणि त्या प्रोग्रामसमोर दिवसभर बसून अर्ज, दाखले व नोंदी भरणारा, असे दोघेही एकाच शहराचे रहिवासी होत. तथापि या दोघांची गाठ पडते, तेव्हा संवाद बहुधा ठरीव वळणानेच जातो. ‘नाव टाइप करता करता अक्षरे भलत्याच रकान्यात गेली’, ‘खोडायला गेलो एक आणि खोडले गेले तीन’, ‘वर निवडलेला तालुका खालचे नाव निवडताच नाहीसा झाला’, अशी कारकुनाची फिर्याद असते. आणि ‘माझ्या मशीनवर तर सगळे व्यवस्थित चालते’ हा प्रोग्रामरचा जबाब असतो. विशेष हे, की दोघेही बहुधा खरे बोलत असतात. एकाच प्रोग्रामने विंडोजवर एक, मॅकवर दुसरे आणि लिनक्सवर तिसरेच वर्तन करावे, आणि मजकूर मराठी असला म्हणजे त्या घोटाळ्यात आणखी भर पडावी, याची कारणे शोधू गेल्यास ती कोणा एकाच्या हलगर्जीपणात सापडत नाहीत. ती सापडतात गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रीतीने रूढ झालेल्या सवयींत.

प्रथम ज्या दोन गोष्टींभोवती हा सारा प्रपंच आहे, त्यांची ओळख करून घेणे इष्ट होईल. पडद्यावर खिडक्या दहा असल्या आणि प्रत्येक खिडकीत रकाने वीस असले, तरी कळफलक एकच असतो. तेव्हा दाबलेली कळ या दोनशे रकान्यांपैकी कोणाच्या पदरी पडावी, हे कोठेतरी ठरलेले असावे लागते. ज्याच्या पदरी ती पडते, त्याच्याकडे ‘फोकस’ आहे असे म्हणतात. त्या रकान्यातील मजकुराच्या ज्या भागावर पुढचा हुकूम बजावला जावयाचा, तो भाग म्हणजे ‘सिलेक्शन’ अथवा निवड; आणि लुकलुकणारा कर्सर म्हणजे, प्रोग्रामरच्या हिशेबी, जिची लांबी शून्य आहे अशी निवडच होय. महसुली व्यवहारात जमिनीवर नाव कोणाचे आहे याइतकेच ती प्रत्यक्षात कोण कसतो यालाही महत्त्व असते, आणि वर्षानुवर्षांच्या निर्वेध वापराने जी वहिवाट पडते, तिची दखल न्यायासनालाही घ्यावी लागते. संगणकाच्या पडद्याचेही असेच आहे. खिडकी प्रोग्रामची खरी, परंतु कर्सर आणि निवड यांवर ताबा असतो तो वापरणाऱ्याचा. आणि हा ताबा कसा चालवावयाचा, याविषयी त्याच्या बोटांना जी वहिवाट अंगवळणी पडलेली असते, ती मोडण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही. पुढील सर्व विवेचन या एका सिद्धांताचा विस्तार समजावा.

ही वहिवाट प्रथम पडली ती कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. १९७४-७५ च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या गरजा समोर ठेवून ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक तयार केला. तत्पूर्वीच्या संपादकांत यंत्र कधी आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेत, तर कधी मजकूर घेण्याच्या अवस्थेत असे, आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचा विसर पडला, की लिहू गेलेली अक्षरे आज्ञा समजली जाऊन भलताच अनर्थ ओढवे. या अवस्थांवर, म्हणजे ‘मोड’वर, टेस्लर यांचा एवढा रोष होता, की त्यांनी आपल्या मोटारीच्या नंबरपाटीवरदेखील ‘नो मोड्स’ अशी अक्षरे घालून घेतली होती. जिप्सीमध्ये त्यांनी क्रमच बदलला: आधी माउसने मजकूर निवडावयाचा, मग त्याचे काय करावयाचे ते सांगावयाचे. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली त्रयी तेथून पुढे टेस्लर यांच्याबरोबर ॲपल कंपनीत गेली, आणि १९८३ च्या लिसा व १९८४ च्या मॅकिंटॉश या संगणकांच्या द्वारे लोकांच्या हाती पडली. त्याच १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक्स विंडो सिस्टिमचा आरंभ झाला, जिची १९८७ ची अकरावी आवृत्ती पुढे लिनक्सच्या जगाचा आधार ठरली. आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज १९८५ मध्ये निघून १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून घरोघर व कचेरी-कचेरीत पोहोचली. मूळ कल्पना एक, परंतु ती तिघांनी आपापल्या समजुतीने राबविली. आणि तेथूनच तीन वहिवाटी वेगळ्या झाल्या.

फोकसच्या बाबतीत हा भेद पहिल्यांदा जाणवतो. विंडोज आणि मॅक येथे ज्या खिडकीवर क्लिक करावे तिला फोकस मिळतो. एक्समध्ये मात्र हा निर्णय विंडो मॅनेजर नावाच्या स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपविलेला असून, नुसता माउस वरून नेला तरी फोकस मागोमाग जावा, अशी व्यवस्थाही तेथे करता येते व पुष्कळ जुने वापरकर्ते ती आवडीने करतात. ज्या प्रोग्रामरने असे यंत्र कधी पाहिलेच नाही, त्याचा प्रोग्राम फोकस गेल्याची वर्दी मिळताच रकाना तपासू लागतो, आणि वापरणाऱ्याचा माउस सहज बाजूला गेला एवढ्यावरून ‘पिनकोड अपूर्ण आहे’ असा इशारा देऊन मोकळा होतो. विंडोज ९५ पर्यंत कोणत्याही प्रोग्रामला हवे तेव्हा आपली खिडकी सर्वांच्या पुढे आणता येत असे; परिणामी पासवर्ड लिहिता लिहिता मध्येच दुसरी खिडकी उपटावी आणि उरलेली अक्षरे तिच्यात जाऊन पडावीत, असे प्रकार घडत. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने या घुसखोरीस आळा घातला, आणि तेव्हापासून मागे असलेल्या प्रोग्रामने पुढे येण्याची मागणी केली, तर बहुतेक प्रसंगी टास्कबारवरील त्याचे चिन्ह लुकलुकते, एवढेच. मॅकवर गोष्ट आणखी निराळी आहे. तेथे टॅब ही कळ मूळच्या मांडणीत फक्त मजकुराचे रकाने आणि याद्या यांवरूनच फिरते. बटणांवर थांबत नाही, आणि ती थांबावी असे वाटल्यास सेटिंग्जमध्ये जाऊन तशी तजवीज करावी लागते. सफारी ब्राउझरमध्ये तर बटणावर क्लिक केल्यानेही बटणाला फोकस मिळत नाही. विंडोजवर वाढलेल्या प्रोग्रामरला हे खरे वाटत नाही. तो असे लिहून ठेवतो, की फोकस यादीतून निघून यादीतल्याच एखाद्या बटणावर गेला तर यादी उघडी ठेवावी, अन्यत्र गेला तर मिटावी. सफारीत फोकस बटणावर जातच नसल्यामुळे क्लिक पुरी होण्यापूर्वीच यादी मिटते, आणि मॅक वापरणाऱ्या ग्राहकाची तक्रार येते की तुमचे बटण दाबलेच जात नाही.

फोकस आणि निवड या दोहोंच्या सांध्यावर जो दोष सर्वांत अधिक वेळा उद्भवतो, तो थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. एखाद्या अर्जात ‘तालुका’ या रकान्यात आधीच ‘रामटेक’ असे लिहिलेले आहे असे समजा. टॅब दाबून कारकून त्या रकान्यात आला, की विंडोजच्या डायलॉगमध्ये तो सबंध शब्द आपोआप निवडला जातो, जेणेकरून ‘काटोल’ लिहावयाचे असल्यास खोडण्याची वेगळी तसदी घ्यावी लागू नये. माउसने क्लिक करून आल्यास मात्र कर्सर क्लिक केलेल्या जागी बसतो. कारण ज्या अर्थी त्याने विशिष्ट अक्षराकडे बोट दाखविले, त्या अर्थी त्याला तेथेच काही दुरुस्ती करावयाची असावी, हे उघड आहे. आता प्रोग्रामरच्या मनात येते, की क्लिक केल्यावरही सबंध शब्द निवडला गेला तर किती सोय होईल! तो एक ओळ लिहितो: फोकस आला, की सर्व निवडावे. परंतु एका क्लिकमध्ये माउस दाबल्याची, फोकस आल्याची आणि माउस सोडल्याची, अशा निदान तीन वर्दी दडलेल्या असतात, आणि त्यांचा क्रम व परिणाम सर्वत्र सारखा नसतो. कोठे फोकसची वर्दी आधी येते, शब्द क्षणभर निवडला जातो आणि लगेच माउसची वर्दी येऊन कर्सर रोवते व निवड पुसून टाकते; कोठे हाच क्रम उलटा होऊन निवड टिकते. मग प्रोग्रामर निवड किंचित उशिरा करावयाची युक्ती योजतो. त्याने त्याच्या मशीनवरील लक्षण बरे होते, परंतु जो माणूस माउस ओढून ‘टेक’ एवढीच दोन अक्षरे निवडू पाहत होता, त्याची निवड त्याच्या देखत हिसकावून घेतली जाते. या ठिकाणी प्रोग्रामने काहीही केले नसते, तर प्रत्येक यंत्रावर त्या त्या वहिवाटीप्रमाणे सर्व यथास्थित झाले असते.

निवडीच्या बाबतीत एक्स विंडो सिस्टिमची वहिवाट सर्वांहून स्वतंत्र आहे, व ती न समजल्यामुळे झालेले अनर्थही सर्वांत नवलाचे आहेत. तेथे मजकूर नुसता निवडला, की तो ‘प्रायमरी’ नावाच्या निवडीचा विषय होतो आणि माउसचे मधले बटण दाबताच अन्यत्र उमटतो. नक्कल करण्याचा वेगळा हुकूम लागत नाही. कंट्रोल-सी व कंट्रोल-व्ही यांनी चालणारा ‘क्लिपबोर्ड’ याहून वेगळा असतो, आणि दोन्ही एकाच वेळी दोन निरनिराळे मजकूर बाळगू शकतात. शिवाय या व्यवस्थेत निवडलेला मजकूर कोठे उतरवून ठेवला जात नाही. ‘या निवडीचा धारक मी’ एवढीच घोषणा एक प्रोग्राम करतो, आणि दुसऱ्याने मागितल्यावर मजकूर काढून देतो. त्यामुळे नक्कल करून मूळ प्रोग्राम बंद केला, आणि मध्ये क्लिपबोर्ड सांभाळणारा दुसरा कोणी नसला, तर चिकटविण्यास काहीच शिल्लक राहत नाही. विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या माणसाला हा निव्वळ चमत्कार वाटतो. जावा भाषेने २००२ च्या १.४ आवृत्तीत या प्रायमरी निवडीपर्यंत पोहोचण्याची सोय केली खरी. परंतु ज्या यंत्रणेत अशी निवडच नाही, तेथे ती सोय ‘नल’, म्हणजे शून्य उत्तर देते, आणि या उत्तराची तजवीज न केलेला प्रोग्राम जागीच कोसळतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या ‘वर निवडलेला तालुका नाहीसा झाला’ या फिर्यादीचे मूळही येथेच आहे. बर्कलीच्या जॉन आउस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रचलेले टीके हे साधन आज पायथॉन भाषेबरोबर ‘टीकिंटर’ या रूपाने मिळते, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची खिडक्या-बटणांची पहिली ओळख पुष्कळदा त्याच्याद्वारेच होते. टीकेचा जन्म एक्सच्या अंगणातला असल्यामुळे त्याच्या लिस्टबॉक्समध्ये एखादी ओळ निवडली, की ती ओळ प्रायमरी निवड समजली जाते. आणि एका वेळी प्रायमरी निवडीचा धारक एकच असू शकत असल्यामुळे, खालच्या रकान्यात नाव निवडताच वरच्या यादीतील निवड सोडून द्यावी लागते. कारकुनाच्या दृष्टीने यादीतून तालुका निवडणे आणि नक्कल करण्यासाठी नाव निवडणे यांचा काडीचा संबंध नाही. टीकेच्या दृष्टीने ती एकच गोष्ट होय. उपाय एका ओळीचा आहे: त्या यादीचा ‘एक्सपोर्टसिलेक्शन’ हा गुण बंद करावा. पण ज्याला प्रायमरीची कथा ठाऊक नाही, तो हा दोष आपल्या हिशेबात शोधीत रात्र घालवितो.

याशिवायच्या लहान लहान भेदांची यादी लांबलचक होईल. त्यातील काही सांगून पुढे जाऊ. विंडोजच्या कित्येक प्रोग्रामांत शब्दावर डबल-क्लिक केल्यास त्यापुढील मोकळी जागाही निवडली जाते, मॅकवर नुसता शब्द. म्हणून असा शब्द दुसरीकडे चिकटविल्यावर शोधात सापडेनासा होतो, कारण त्याच्या शेवटी एक अदृश्य जागा लटकलेली असते. एका उडीत एक शब्द ओलांडणारी बाणाची कळ विंडोजवर पुढील शब्दाच्या आरंभी थांबते, मॅकवर चालू शब्दाच्या अंती. मॅकवर मजकुरात राइट-क्लिक केल्याने माउसखालचा शब्द निवडला जातो, विंडोजवर तसे होत नाही. फोकस गेला, की विंडोजचा साधा रकाना आपली निवड झाकून ठेवतो. मॅकच्या देशी प्रोग्रामांत तर एका खिडकीतल्या सर्व छोट्या रकान्यांना मिळून ‘फील्ड एडिटर’ नावाचा एकच संपादक वाटून दिलेला असतो, व ज्या रकान्यात लिहावयाचे त्यात तो तेवढ्यापुरता येऊन बसतो. सबब मागे सोडलेल्या रकान्यात निवड कोणती होती, हे विचारण्यासाठी तेथे कोणी उरलेलेच नसते.

या विविधतेशी झगडण्याचे दोन मार्ग प्रोग्रामरांनी आजवर अवलंबिले. जावाने ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ अशी ग्वाही देऊन १९९८ पासून स्विंग या संचात रकाने, बटणे व याद्या स्वतःच रंगविल्या. त्यामुळे सर्वत्र रूप एक झाले, पण प्रत्येक ठिकाणच्या माणसाला ते परके वाटू लागले. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. सफारीच्या मुळाशी असलेल्या वेबकिट या इंजिनाच्या कर्त्यांनी वहिवाटींचा मुकाबला करण्याऐवजी त्यांची रीतसर नोंदच करून टाकली: मॅकची रीत, विंडोजची रीत, युनिक्सची रीत असे प्रकार कल्पून, राइट-क्लिकने शब्द निवडावा की नाही, माउसने केलेल्या निवडीला दिशा आहे असे मानावे की नाही, अशा एकेका प्रश्नाचे उत्तर त्या त्या रीतीप्रमाणे एका ठिकाणी लिहून ठेवले. प्रोग्रामचा गाभा एक, परंतु वहिवाट त्या त्या गावची, हा त्यातला मथितार्थ आहे.

येथवरचे विवेचन इंग्रजी लिहिणाऱ्यालाही लागू आहे. मराठी मजकूर आला, म्हणजे या सर्वांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न उघडा पडतो: निवडीचे सर्वांत लहान परिमाण कोणते? कर्सर कोणत्या दोन वस्तूंच्या मध्ये उभा राहू शकतो? रोमन लिपीत या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. देवनागरीत ते यंत्रागणिक व फॉन्टागणिक बदलत आले आहे, आणि हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषांत कारभार पाहिलेल्या नागपुरात या बदलाच्या सर्व पायऱ्या अद्याप पाहावयास मिळतात.

‘विदर्भ’ हाच शब्द घेऊ. कचेरीबाहेरच्या टंकलेखनाच्या दुकानांतून परिचित असलेला कृतिदेव हा फॉन्ट जुन्या टाइपरायटरच्या वळणाचा आहे. त्यात दिसते त्या क्रमाने लिहावयाचे असते. म्हणून तेथे इंग्रजी ‘एफ’च्या जागेवर ऱ्हस्व वेलांटी आधी येते, मग ‘ओ’च्या जागेवर व, ‘एन’च्या जागेवर द, मोठ्या ‘एच’वर अर्धा भ, ‘के’वर त्या भ-चा उभा दंड आणि शेवटी मोठ्या ‘झेड’वर रफार. एकूण सहा खुणा. या व्यवस्थेत डोळ्यांना जे दिसते तेच साठविलेले असल्यामुळे कर्सर प्रत्येक खुणेनंतर बिनतक्रार थांबतो. इतका, की भ हे अक्षर मधोमध तोडून त्याचा केवळ दंड निवडता येतो. मात्र यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसून इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असतो. याच्या उलट, १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकाने, म्हणजे इस्कीने, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने, उच्चाराचा क्रम प्रमाण मानला: व, वेलांटी, द, र, हलंत, भ. येथेही खुणा सहाच. पण वेलांटी व-च्या नंतर साठवून आधी दाखवावयाची, आणि र भ-च्या आधी साठवून त्याच्या डोक्यावर बसवावयाचा. म्हणजे साठवण आणि दर्शन यांची फारकत झाली. आणि कर्सरने साठवणीच्या वाटेने चालावे की दर्शनाच्या, हा पेच निर्माण झाला.

विंडोज २००० बरोबर देवनागरीचा आधार आणि प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट आला, आणि असा मजकूर सामान्य यंत्रावर नीट दिसू लागला. परंतु नीट दिसणे आणि नीट निवडता येणे या दोन वेगळ्या बाबी होत. जो प्रोग्राम निवडलेला व न निवडलेला भाग वेगवेगळ्या वेळी रंगवितो, त्यात निवडीची सीमा व आणि वेलांटी यांच्यामध्ये पडली, तर निराधार झालेली वेलांटी एका तुटक वर्तुळावर बसलेली दिसते. र् आणि भ यांच्यामध्ये पडली, तर रफार खाली उतरून पाय मोडका र समोर येतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा खुणा आहेत. वापरणारा त्यात चार अक्षरे पाहतो: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडने अक्षरांचे पुंजके पाडण्याचा जो सर्वसाधारण नियम दिला होता, त्याप्रमाणे मात्र ती सहा होत, कारण हलंतापाशी पुंजका संपतो असे तो नियम समजे. आणि त्यामुळे कोठे कर्सर ‘ष्ट्र’ एका उडीत ओलांडी, तर कोठे त्याच्या पोटात दोनदा थांबे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत युनिकोडने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड मानणारा नियम घातला, आणि महाराष्ट्राची अक्षरे चार झाली. परंतु नवा नियम सर्व यंत्रांवर एकाच दिवशी पोहोचत नसतो. सरकारी टेबलावरचा जुना संगणक आणि प्रोग्रामरचा नवा लॅपटॉप यांची मोजणी आजही जुळेलच असे नाही.

खोडण्याचा प्रकार यातूनच समजतो. बॅकस्पेस ही कळ बहुतेक ठिकाणी शेवटची एकेक खूण काढते, म्हणजे ‘ष्ट्र’मधला र जाऊन ‘ष्ट्’ राहतो. ही सोय आहे, कारण चूक बहुधा नुकत्याच दाबलेल्या कळेची असते. डिलीट ही कळ मात्र पुढील अक्षर अनेक ठिकाणी सबंधच उडविते. ‘खोडायला गेलो एक आणि खोडले गेले तीन’ ही तक्रार म्हणजे या दोन कळांच्या भिन्न न्यायांचे वर्णन होय. त्यात मराठीची स्वतःची एक भर आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी साठविता येतो: एकीत नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरीत साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही एकच. पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही, आणि दुसऱ्या रीतीत बॅकस्पेस करताना अदृश्य खूण आधी जात असल्यामुळे कळ दाबूनही अक्षर मात्र गेले नाही, असा भास होतो.

शेवटचा घोटाळा फोनेटिक टायपिंगचा. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविणारी साधने शब्द पुरा होईपर्यंत तो कच्च्या स्थितीत ठेवतात. या काळात ब्राउझर प्रोग्रामला खरी कळ कोणती हे न सांगता बहुधा २२९ हा एकच ठरावीक क्रमांक कळवितो. जो प्रोग्राम प्रत्येक कळेसरशी रकान्यातील मजकूर तपासून, नको ती चिन्हे गाळून, मजकूर पुन्हा भरतो, त्याच्या हातून दोन अपराध घडतात: कच्चा शब्द अर्ध्यात मोडतो, आणि मजकूर बाहेरून बदलल्यामुळे कर्सर शेवटी फेकला जातो. नावाच्या मधोमध वेलांटी दुरुस्त करू गेलेल्या माणसाची पुढील अक्षरे मग नावाच्या शेपटाला लागतात. जो कर्मचारी दृष्टिहीन आहे व स्क्रीन-रीडर जे वाचील त्यावरच काम करतो, त्याला तर फोकस अथवा कर्सर न सांगता हलला, म्हणजे आपण कोठे आहोत हेच कळेनासे होते. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लक्षात घेता ही बाब प्रोग्रामरच्या मर्जीची राहिलेली नाही.

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. यंत्रणेने दिलेला देशी रकाना मिळत असेल, तर स्वतःचा रंगवू नये. फोकस वापरणाऱ्याने मागितल्याखेरीज हलवू नये. त्याची निवड त्याच्या हुकुमावाचून बदलू नये. तपासणी कळेगणिक न करता रकाना भरून झाल्यावर करावी. आणि अक्षरे मोजण्याचे काम खुणांच्या नव्हे, तर अक्षरांच्या हिशेबाने करावे. नागपुरात, आणि नागपूरबाहेरही, मराठी माणसासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांस एवढीच विनंती, की काम ग्राहकाच्या हवाली करण्यापूर्वी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिहींवर ‘विदर्भ’, ‘महाराष्ट्र’ व ‘शेतकऱ्यांना’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. बाणाने ओलांडावेत, दोन्ही कळांनी खोडावेत, डबल-क्लिकने निवडावेत, आणि माउसला हात न लावता सबंध अर्ज एकदा भरावा. या परीक्षेस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि तीत जो प्रोग्राम उतरत नाही, तो मराठी कचेरीच्या उपयोगास अद्याप लायक झालेला नाही, असे निःसंकोचपणे समजावे.